रसूलचाचांचा अंगठा

परवा मुलीच्या नव्या बिऱ्हाडासाठी विळी घ्यायला बुलढाण्याच्या बाजारात गेलो होतो. लढाई सुरू झाल्यापासून लोखंडाच्या दुकानांत माल कमी आणि भाव चढे, तरी दुकानदाराने सात-आठ विळ्या पुढ्यात मांडल्या आणि विचारले, "लहान देऊ का मोठी?"

"चिरणार कोण, ते नाही विचारलंत," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, कोनीबी चिरो, विळी कापनच. मांगं गिऱ्हाईक उभं हाये."

त्याचे काही चुकले नव्हते. ऊन चढले होते, मीही दमलो होतो. एक विळी उचलली, पात्यावर अंगठा आडवा फिरवला, खाली ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. शेवटी काहीच न घेता समोरच्या हॉटेलात जाऊन चहा मागवला. या वयात माणूस पुष्कळ गोष्टींना कंटाळतो, त्यांत निवड करण्याचा कंटाळा मोठा. आणि ज्या माणसाने ही निवड आमच्या वतीने करून टाकली असती, तो आता धाड गावात नाही.

धाडच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेत मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा रसूलचाचा साठीला आले असतील. मशिदीच्या गल्लीत त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. विळ्या, सुऱ्या, अडकित्ते, कढया, तवे, उलथने, दाराच्या कड्या. बाजाराच्या दिवशी दुकान मुलाच्या, जब्बारच्या, हवाली करून ते स्वतः बाजारातल्या निंबाखाली गोणपाट अंथरून बसत. गोणपाटावर फक्त धारेचा माल. उंच, वाकलेला माणूस, मेंदीने लाल केलेली दाढी, आणि चेहऱ्यावर असा भाव की गिऱ्हाईक म्हणजे दिवसाला झालेला अडथळा.

मी पहिल्यांदा विळी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला विळी दिलीच नाही.

"घरी कोन चिरते?"

"बायको."

"उंच हाये का ठेंगणी?"

परक्या माणसाने बायकोची उंची विचारलेली मला आवडली नाही. मी म्हणालो, "मध्यम."

"मध्यम काई नसते, मास्तर. पाटावर बसली म्हन्जे तिच्या कोपरापासून भुईपर्यंत किती होते?"

"ते कसं सांगू?"

"मंग मोजून या ना. अन् तिले हेही पुसा, जुन्या विळीवर तिचा कोनता बोट कापते."

मी घरी आलो. बायको पाटावर बसली, मी दोरीने माप घेतले, आणि दोघांनाही हसू आले. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण तिचे कोणते बोट कापते हे मला माहीत नव्हते. तिने डावा हात पुढे केला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या पेरावर जुन्या-नव्या रेघा होत्या. "हेच," ती म्हणाली, "दर वेळी हेच."

मी ते चाचांना सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू आधीच ठाऊक होते. "तुमच्या विळीचं पातं बुटकं हाये. बाई वाकते, वाकली म्हन्जे डावा हात पुढं येते. बाईचा दोष नाही." मग त्यांनी एक विळी काढली, नखाने पाते वाजवले, कान लावला, आणि उजव्या हाताचा अंगठा धारेवर आडवा फिरवला. उभा नाही; उभा फिरवला तर कापतो. आडवा, सावकाश, बुडापासून टोकापर्यंत, डोळे मिटून. एका जागी अंगठा थांबला. "इथं दात हाये," म्हणून त्यांनी ती विळी बाजूला टाकली आणि दुसरी घेतली. तिसरी पसंत पडली. ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही. गोणपाटावर माझ्या बाजूला ठेवली आणि हात मागे घेतला.

धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, दिली तर भांडण होते, ही आमच्याकडे घरोघर पाळली जाणारी रीत. एकाने खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी. चाचा ती इतकी कडक पाळत की घाईतल्या गिऱ्हाइकाने हात पुढे केला तर हात मागे जाईपर्यंत ते थांबत. शनिवारी ते हिंदू गिऱ्हाइकाला लोखंड विकत नसत. एखाद्याच्या ध्यानात नसले तर तेच म्हणत, "आज तुमचा शनि हाये, उद्या या." जब्बार चिडे. "अब्बा, त्याले नाही फिकीर, तुमाले काऊन?" चाचा म्हणत, "उद्या त्याची बायको बोट कापन, अन् म्हनन, रसूलनं शनिवारी देल्ली."

त्या विळीने माझ्या बायकोचे बोट खरेच कापायचे थांबले. बाकी काही बदलले नाही. सकाळची भाजी, दुपारची कोशिंबीर, संध्याकाळची भाजी, मध्ये लोणच्याच्या कैऱ्या, सांडग्यांचा कोहळा. वर्षभरात एका बाईच्या हातून किती शेर भाजी चिरली जाते याचा मी एका सुटीत हिशेब मांडला होता. बायकोने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "मोजायला तुम्हाला वेळ आहे, ते बरं आहे." तो आकडा मी पुढे कोणाला सांगितला नाही.

दर वर्षी दिवाळी झाली की चाचा आमच्याकडे चक्कर टाकत. त्यांनी विकलेल्या विळ्या ज्या ज्या घरांत होत्या, तिथे ते असे जात. विकलेली वस्तू आपलीच आहे असे त्यांना वाटे. अंगणात बसून विळी पाहायची, अंगठा फिरवायचा, आणि बाईंना बोल लावायचे.

"कांदा चिरून पुसली नाही वाटते."

"पुसली हो, चाचा."

"मंग हा डाग काय म्हनते? चिंच कापली, तशीच ठेवली. पुसाले काय लागते, बाई? पदर तं हाये."

बायको आत येऊन पुटपुटे, की सासूने सोडले तेवढे यांनी धरले. पण चाचा येणार म्हटले की आदल्या दिवशी ती विळी राखेने घासून ठेवी. बोलता बोलता ती त्यांच्याकडून शिकलीही. पात्याची शेपटी मुठीत पुरती गेली आहे की अर्धी, हे कसे ओळखायचे. चकाकीकडे का पाहायचे नाही. सुरी बोटावर तोलली तर कुठे टेकली पाहिजे. एकदा त्यांनी तिला अंगठा आडवा फिरवायला लावला. ती घाबरली. "भिऊ नका, बाई. धारदार सुरी इमानदार असते, सांगून कापते. बोथटच खोटारडी. जोर मांगते, अन् मंग घात करते."

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की माणूस मोठा जाणता होता. जाणता होता, पण हट्टीही होता, आणि हट्टापायी चुकतही असे. एका थंडीत एका साहेबाचा मुक्काम गावाबाहेर पडला होता. त्याचा खानसामा गोव्याकडचा, जाडा, घामेजलेला. भाजलेल्या मांसाचे पातळ काप काढण्यासाठी त्याला लांब विलायती सुरी हवी होती. चाचांकडे तशी एक होती, कागदात गुंडाळून ठेवलेली. ती त्यांनी दाखवली नाही. आपली जाड पाठीची देशी सुरी पुढे केली. "तुमच्या साहेबाले कापाचं हाये का विलायती शिक्का पाह्याचा हाये?" खानसामा ती घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी भाजलेल्या मांडीच्या मांसाचा तुकडा फडक्यात बांधून परत आला. निंबाखाली, सगळ्यांसमोर, त्याने चाचांच्या सुरीने काप काढला. मांस फाटले. मग त्याने ती विलायती मागितली. चाचांना कागद सोडावा लागला. विलायती पाते लवलवले आणि पानासारखा काप निघाला.

बाजारातली माणसे हसली. चाचांनी काप उचलून उजेडात धरला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "बराबर हाये," ते म्हणाले, "भाजलेल्या मटनाले पातळ पातं पाह्यजे, लांब पाह्यजे. माही चूक झाली." पण मग त्यांनी खानसाम्याला एवढे सुनावलेच, "हाडावर नोको मारू हिले. हाडाले जाडा बुगदा वेगळा ठेव." त्या दिवसापासून भाजक्या मांसासाठी सुरी मागणाऱ्याला ते पातळ पातेच दाखवत, आणि हे आपल्याला कोणी शिकवले तेही सांगत. मात्र त्या दिवशी जे जे हसले, त्यांना पुढे वर्षभर त्यांनी चांगली सुरी दाखवली नाही.

थंडीत कापूस वेचून झाला की शेतात भरताच्या पार्ट्या होत. कपाशीच्या पऱ्हाट्या वाळून खडखडीत झालेल्या असतात, त्यांच्या जाळावर वांगी भाजायची, कांद्याची पात, मिरच्या, तेल, आणि कळण्याच्या भाकरी. गावचे माणिकराव पाटील दर वर्षी बोलावत. चाचांना बोलावणे असेच, आणि त्यांचे काम ठरलेले असे. ते दोन सुऱ्या आणत. एकीच्या मुठीला पांढरा दोरा, एकीच्या लाल. पांढऱ्या दोऱ्याची वांग्यांसाठी. वांग्याला तेल लावून तिने टोचे मारायचे, नाहीतर जाळावर फुटते. लाल दोऱ्याची मांसासाठी. मुसलमान मंडळींचा जाळ पलीकडे, बांधाच्या त्या बाजूला, तिथे सळयांवर कबाब. चाचा दोन्ही जाळांमध्ये येरझारा घालत. हात धुतल्याशिवाय बांध ओलांडत नसत, आणि लाल दोऱ्याची सुरी बांधाच्या या बाजूला कधी येत नसे. आमच्यातला एक सोवळा माणूस दर वर्षी म्हणे, "चाचा, दोरे बदलले तर आम्हाला काय कळणार?" चाचा म्हणत, "तुमाले नाही कळणार. मले कळन ना."

पुढे एका वर्षी असेच चालले होते. उन्हे कलली होती. मी बांधावर बसलो होतो, म्हणून दोन्हीकडचे दिसत होते. चाचा पलीकडच्या जाळाशी उकिडवे बसून कबाब परतत होते. सळईचे टोक फडक्याने धरायचे, ते त्यांनी धरले नाही. बोलता बोलता त्यांनी सळई मधोमध धरली, जिथे ती जाळात होती, आणि उचलून परतली. मग दुसरी. मग तिसरी.

"चाचा, हात लोखंडाचा केला काय बे?" पाटील इकडून ओरडले. सगळे हसले. चाचाही हसले. मग त्यांना वास आला असावा. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला. दुसऱ्या कोणाची तरी वस्तू आपल्या हातात आली आहे, असे ते त्याच्याकडे पाहत होते. कातडी पांढरी होऊन उचलली गेली होती. तोंडातून हूं की चूं आले नव्हते. ते उठले, तांब्यातले पाणी हातावर घेतले, आणि सुऱ्या फडक्यात बांधून भाकरी न खाता घरी गेले.

पुढल्या बाजारी ते निंबाखाली होतेच. हाताला चिंधी बांधलेली. एका शेतकऱ्याने सुरी मागितली. चाचांनी सदऱ्याच्या खिशातून कापसाचा पेळू काढला आणि धारेवरून हलकेच ओढला. पात्याला दात असला तर कापसाचा तंतू अडकतो. नसला तर कापूस सरळ निघून येतो. ही रीत इतर दुकानदारांची. चाचा तिची चेष्टा करत आले होते. "कापसाले काय दुखते काय? ज्याले दुखत नाही, त्याले धार काय समजते?" हे त्यांचे वाक्य मी कितीदा तरी ऐकले होते.

शेतकरी म्हणाला, "चाचा, अंगठा काऊन नाही लावून राह्यले?"

"अंगठा म्हातारा झाला," चाचा म्हणाले. तो हसला आणि सुरी घेऊन गेला.

चिंधी सुटली, पण कापूस सुटला नाही. मग त्या अंगठ्याला नवी जखम दिसू लागली, मग दुसरी, आणि त्या भरेनात. बुलढाण्याच्या दवाखान्यात जाऊन आले. त्याचे त्यांनी नंतर माझ्या बायकोला सांगितले, एखाद्या तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसे. "डाक्टर म्हने, डोळे मिटा, सुई टोचतो. म्या डोळे मिटले. वाट पाह्यली. मंग म्हटलं, टोचा ना, साहेब. थो म्हने, टोचली."

रक्तपिती, म्हणजे महारोग. हा शब्द गावात कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण तो आठवडाभरात सगळ्या गल्ल्यांतून फिरून आला.

मग जे झाले ते फार सावकाश झाले, आणि सावकाश झाल्यामुळेच मला ते जास्त थकवणारे वाटते. कोणी चाचांना उठ म्हटले नाही. कोणी वाईट बोलले नाही. माल हातात द्यायचा-घ्यायचा नव्हताच. तो पहिल्यापासून गोणपाटावर ठेवला जात होता, म्हणून त्यांच्या हाताला हात लागू नये असे वाटणाऱ्याला काही वेगळे करावेच लागले नाही. जुनी रीत सगळ्यांच्या सोयीला आली. फक्त एक बदलले. पूर्वी पैसे त्यांच्या तळहातावर पडत. आता लोक तेही गोणपाटाच्या कडेला ठेवू लागले.

मी एका बाजारी त्यांच्याजवळ उभा होतो. एका बाईने अडकित्ता उचलला, पैसे ठेवले, आणि ती गेली. चाचा त्या पैशांकडे पाहत होते. "मास्तर," ते म्हणाले, "सुरी हातात देल्ली तं भांडन होते. पैसे हातात देल्ले तं नाही होत."

मग त्यांनी पैसे उचलले.

हळूहळू गिऱ्हाईकही तुटले. स्वयंपाकघरातली वस्तू, तोंडात जाणाऱ्या अन्नाला लागणारी. कढया, कड्या, उलथने दुकानातून जात होती, पण विळ्या-सुऱ्या पडून राहू लागल्या, आणि मग लोकांना दुकानाचीही शंका येऊ लागली. जब्बार सरळ माणूस होता. घरात तीन लेकरे, एक बहीण लग्नाची. तो मला एकदा रस्त्यात भेटला. खूप दिवस झोपला नसावा असा चेहरा. "गुरुजी, तुमी सांगून पाहा ना अब्बाले. म्या म्हनतो, घरी बसा, मागच्या खोलीत बसा, मी दोन घास घालतो तुमाले. ते म्हनते, निंबाखाली बसू दे, बस, दुसरं काई नोको. मी काय करू? त्याइले बसू देऊ का दुकान राखू?"

मी सांगायला गेलो नाही. त्या म्हाताऱ्याला एकच गोष्ट हवी होती, चार हात गोणपाटावरची जागा, जिथे येणाऱ्याला तो विचारू शकेल की कोण चिरते आणि कोणते बोट कापते. ती सोड, हे सांगायला माझी जीभ वळली नसती. त्यांनी ती आपणहून सोडली. एका बाजारी निंबाखाली गोणपाट नव्हते. माणसे त्या रिकाम्या जागेवरून जायला लागली आणि दोन बाजारांनी तिथे मिरच्यांची पोती आली.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते आमच्याकडे आले, नेहमीसारखे. मात्र अंगणात बसले नाहीत. फाटकाच्या आत दोन पावलांवर उभे राहिले. बाहेर छकडा उभा होता आणि जुवाजवळ जब्बार, बैलांच्या पाठीवर हात ठेवून. असे रोगी ठेवून घेणारा एक दवाखाना दूर होता, तिथे ते चालले होते. मलकापूरपर्यंत छकड्याने, पुढे रेल्वेने.

बायकोने सवयीने विळी आणून पायरीवर ठेवली. त्यांनी ती लांबूनच पाहिली. "पुसून राह्यल्या, बाई. चांगलं हाये." मग काखेतले फडके पायरीवर सोडले. त्यात दुकानातल्या पाच-सात सुऱ्या होत्या.

"मले एक निवडून द्या," ते म्हणाले.

बायकोला समजले नाही. "कोणासाठी?"

"माह्यासाठी. तिथं ज्याचं त्यानं रांधा लागते म्हने. सुरी लागन. म्या जल्मभर लोकाइले निवडून देल्ल्या, आता माही निवडता येत नाही. जब्बारले मोल समजते, धार नाही समजत." त्यांनी अंगठा वर केला, टोकाशी झिजलेला, काळपट. "अन् हा तं गेला."

मला वाटले ती आत जाईल, डोळ्यांना पदर लावील. ती पायरीवर बसली. पहिली सुरी उचलून नखाने वाजवली. मग म्हणाली, "काय चिरणार?"

चाचांनी तिच्याकडे पाहिले. "कांदा. वांगं. शुक्रवारी मटन भेटते म्हने, थे भाजीन."

"कुठं बसून?"

"भुईवर. पाट कोन देते?"

"कोणतं बोट कापते?"

बाहेर बैलाने मान हलवली आणि घुंगरू वाजले.

"सगळेच कापते, बाई," ते म्हणाले. "मले समजत नाही. रगत दिसलं म्हन्जे समजते."

तिने मान हलवली, ते हलवत तशीच. एकेका सुरीवर अंगठा आडवा फिरवत गेली. सर्वांत धारदार होती ती तिने बाजूला ठेवली, कारण तिचे टोक अणकुचीदार होते. बोथट होती तीही ठेवली. "ही जोर मागेल," ती म्हणाली. चाचा हूं म्हणाले. एकीपाशी तिचा अंगठा थांबला. "इथं दात आहे." "हाये," चाचा म्हणाले, "म्या मुद्दामच आनली थे. पाह्यलं, तुमाले सापडते का." त्यांच्या दाढीत थोडेसे हसू आले. शेवटी तिने एक आखूड पात्याची निवडली, पुढे गोल, मूठ जाड, आणि पाते व मूठ यांच्यामध्ये बोटभर जागा, म्हणजे न कळता बोट धारेवर सरकणार नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने मुठीला घट्ट गुंडाळली. दुसरी पट्टी वेगळी दिली. "डावा हात हिच्यात गुंडाळून मगच कांदा धरायचा. रोज. कंटाळा करायचा नाही."

"नाही करनार."

"आणि दोरा कोणता बांधू? पांढरा का लाल?"

"तिथं एकच जाळ असन, बाई. राहू द्या."

ती उठली. तिने पाते आपल्या बाजूला धरले आणि मूठ पुढे केली. त्यांच्यासमोर, हात लांब करून.

चाचांचा हात उठला नाही. ते माझ्याकडे पाहू लागले, मग जमिनीकडे. "खाली ठेवा, बाई. हातात देल्लं तं भांडन होते."

"होऊ द्या," ती म्हणाली. "झालं तर भांडायला या."

तिचा हात तसाच होता. चाचांनी तो पाहिला. मग त्यांनी मूठ धरली. ती धरली गेली आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून खात्री केली, आणि तेव्हाच तिने सोडली.

"येतो, मास्तर," ते म्हणाले. उरलेल्या सुऱ्या जब्बारने आत येऊन उचलल्या.

भांडायला ते आले नाहीत. जब्बारने पुढे दुकान टिकवले, बहिणीचे लग्नही केले. विळ्या-सुऱ्या मात्र ठेवायच्या बंद केल्या. आमची विळी अजून आहे. पाते झिजून बारीक झाले आहे, आणि मी बुलढाण्याहून रिकाम्या हाताने परतलो तेव्हा बायको म्हणाली, "हीच देऊ मुलीला. फक्त आधी तिला पाटावर बसवून माप घ्या."

चाचा निघाले त्या सकाळचे मला एवढेच शेवटचे दिसते. मी फाटकात उभा होतो. छकडा मलकापूरच्या रस्त्याला लागत होता, चाचा मागे पाय सोडून बसले होते, तोंड आमच्याकडे. सुरी मांडीवर होती. त्यांचा उजवा अंगठा सवयीने धारेपर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, कापूस काढला, आणि डोळे मिटून तो पात्यावरून ओढला, बुडापासून टोकापर्यंत. कापूस कुठे अडकला की नाही, ते तेवढ्या लांबून दिसले नाही.